वर छर्रे, खाली गोळी

प्रिमुस लास्निगचा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं वर होता. चौतीस वर्षं रोज त्या खांद्यावर बंदूक लटकली, ती घसरू नये म्हणून त्याने तो उचलून धरला, आणि खांदा तसाच राहिला. रविवारी कोट घालून चर्चला यायचा तेव्हाही डाव्या हाताचा अंगठा छातीपाशी, बंदुकीच्या पट्ट्यात अडकवल्यासारखा. पट्टा नसायचाच. त्याची बायको झेन्झी म्हणायची, "मी लग्न केलं तेव्हा ह्याचे खांदे सरळ होते. माझ्याकडे फोटो आहे."

मी बुर्गी. लेर्खग्राबेनच्या खोऱ्यात मी सव्वीस वर्षं टपाल वाटलं. प्रिमुसचं घर माझ्या फेरीतलं शेवटून दुसरं, रस्त्यापासून दोनशे पावलं वर. तिथे मी रोज दहा मिनिटं टेकायची, कारण झेन्झीची कॉफी कडक आणि प्रिमुसची जीभ त्याहून कडक. पोस्टात हे कळलं असतं तर मला बोलणी बसली असती. आता मी पेन्शनीत आहे, कळू दे खुशाल.

तो रानाचा राखणदार होता. रान गावाचं, त्यातल्या शिकारीचा मक्ता ग्राझच्या एका कारखानदाराकडे, आणि प्रिमुस त्या मक्तेदाराचा पगारी माणूस. हिवाळ्यात हरणांना सुकं गवत घालायचं, उन्हाळ्यात मिठाचे खडे ठेवायचे, मचाणांच्या शिड्या दुरुस्त करायच्या, शहरातल्या पाहुण्यांना हाताला धरून वर न्यायचं. आणि त्या पाहुण्यांनी नुसतीच जखमी केलेली जनावरं मागाहून दोन-दोन दिवस शोधून संपवायची. हे शेवटचं काम कुणाला दिसत नसे. पाहुणे तोवर शिंगं बघत दारू पीत बसलेले असत. थोरला बारशिंगा प्रिमुसने जन्मात एकदाही स्वतःसाठी मारला नाही. ती पाहुण्यांची मिजास. ह्याच्या वाट्याला कोल्हे, दात झिजलेल्या हरणी आणि पाय मोडलेली पिल्लं.

मक्तेदाराला सरकारी किताब होता, म्हणून सगळे त्यांना कमर्शियालराट म्हणत. प्रिमुस नुसतं साहेब म्हणे. माणूस वाईट नव्हता. हे मी मुद्दाम लिहिते, नाहीतर पुढचं वाचून लोक त्यांच्या नावाने बोटं मोडतील. मोठा आवाज, मोठं पोट, आणि द्यायला लागले की हात आखडता घ्यायचे नाहीत. फक्त कागदावर काही लिहायचं म्हटलं की त्यांच्या अंगावर काटा यायचा. "हातात हात दिला की झालं," असं म्हणायचे आणि खरोखर तसंच वागायचे.

प्रिमुसच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. हंगाम संपल्यावर शिकारखान्यात, म्हणजे मक्तेदाराच्या रानातल्या घरात, सगळ्यांचं जेवण असतं, त्या जेवणात साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मी झेन्झीला वाढायला मदत करत होते, म्हणून सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

"लास्निग, बोल, काय हवं तुला? एक गोष्ट माग. लाजू नकोस, मी पुन्हा विचारायचा नाही."

प्रिमुस कानांपर्यंत लाल झाला. त्याने काटा-चमचा ताटात ठेवला.

"बंदूक, साहेब. माझी स्वतःची."

टेबलभर हशा पिकला. राखणदाराने बंदूक मागायची म्हणजे न्हाव्याने वस्तारा मागण्यातला प्रकार. पण त्याच्याकडे स्वतःची बंदूक नव्हतीच, हे त्या हसणाऱ्यांना कुठे ठाऊक होतं! तो वागवत होता ती मक्त्याची. तीन नळ्यांचं जुनं धूड, दस्त्याला तार गुंडाळलेली. नोकरी संपली की ती शिकारखान्याच्या खुंटीवर परत जाणार होती.

"दिली!" साहेब म्हणाले आणि त्यांनी त्याचा हात हातात घेतला. मलाही तेव्हा वाटलं, प्रिमुसने बरोबर मागितलं.

पुढचा सगळा हिवाळा त्या घरात दुसरा विषय नाही. मी कॉफीचा कप तोंडाला लावायचा अवकाश, की ह्याचं सुरू.

"तीन नळ्यांचीच घे की," मी एकदा म्हणाले. "जास्त तेवढं बरं."

"तू उचलून बघितलीस कधी? साडेतीन किलो. पाहुणा ती गाडीतून मचाणापर्यंत नेतो. मी तिला कड्यापर्यंत चढवतो आणि परत खाली आणतो. रोज."

"मग साधी रायफल घे."

"आणि कोल्हा वीस पावलांवरून झुडपातून सुटला तर? रायफलीने मारू त्याला? त्यापेक्षा टोपी फेकेन."

"मग छर्ऱ्यांची."

"आणि समोर दीडशे पावलांवर हरणी उभी आहे, पुढचा पाय लोंबतोय. छर्ऱ्यांनी काय गुदगुल्या करू तिला?"

झेन्झी कासनुडलचं, म्हणजे चीज भरलेल्या उकडीच्या करंज्यांचं, पीठ लाटत होती. मागे न बघताच म्हणाली, "बुर्गी, तू कशाला तोंड दुखवतेस? ह्याचं सगळं ठरलेलं आहे. हा तुझ्यावर सराव करतोय, साहेबांशी बोलायचा."

ते खरंच होतं. सरावातून जे निघालं ते असं. पाहुणा घरून निघतानाच ठरवून निघतो, आज काय मारायचं. राखणदाराचं तसं नसतं. त्याच्या वाटेवर काय येईल ते रान ठरवतं, आणि जे येईल त्याला त्याच क्षणी उत्तर द्यावं लागतं. म्हणून त्याला छर्रेही हवेत आणि गोळीही हवी, आणि दोन्ही मिळून इतकं हलकं हवं की दिवसभर खांद्यावर आहे हे विसरायला व्हावं. एकावर एक दोन नळ्या. वरची सोळा नंबरची, छर्ऱ्यांची. खालची रायफलीची, साडेसहा मिलिमीटर. हरणाला पुरेशी, कड्यावरच्या रानबकरीलाही पुरेशी.

"पण मग एकच गोळी?" मी विचारलं.

"एकीत ज्याचं होत नाही त्याने घरी बसून बटाटे सोलावेत."

वसंतात मी माझ्या सुट्टीच्या दिवशी त्याला फेर्लाखला घेऊन गेले. बंदुका घडवणाऱ्यांचं गाव आहे ते. तिथला वालेन्टिन ओग्रिस नावाचा कारागीर साहेबांच्या ओळखीचा. साहेबही आले होते. ओग्रिसने कोनाड्यातून एकेक नग काढून टेबलावर मांडला, कुठे हरणं कोरलेली, कुठे सोन्याची पानं. प्रिमुसने एकाही नगाला हात लावला नाही. कोटाखालून एक काठी काढली, खुणा केलेली, आणि म्हणाला, "नळ्या एवढ्याच. ह्याहून लांब नकोत, झुडपात अडकतात."

ओग्रिस त्याच्याकडे बघायला लागला. मग त्याने खुर्ची ओढून घेतली, आणि दोघं दीड तास असे बोलत बसले की साहेब आणि मी तिथे नव्हतोच.

"घोडा चढवायचा खटका अंगठ्याखाली दे," प्रिमुस म्हणाला. "भरलेली असली तरी अंगठा पुढे ढकलेपर्यंत ती मेलेली पाहिजे. मी बर्फावरून घसरतो. वर्षातून चारदा तरी."

"देतो. एक सांगून ठेवतो पण. दोन्ही नळ्या एकमेकींना डाग देऊन जोडलेल्या असतात. लागोपाठ झाडल्यास तर नळी तापते आणि तिसरी गोळी वर जाते."

"तिसरी?" प्रिमुस म्हणाला. "तिसरी कुणाला हवी आहे?"

ओग्रिस हसला. त्या दिवसापासून तो ह्याच्यावर खूश होता. साहेब मात्र हिरमुसले. त्यांना कोरीवकाम हवं होतं.

"अरे निदान एक बारशिंगा तरी काढू दे बाजूला! माझी देणगी आहे, लोकांनी बघायला नको?"

"चमकेल, साहेब. लोकांच्या आधी जनावर बघेल."

शेवटी तडजोड झाली. दस्त्यात चांदीची छोटी पट्टी बसवायची आणि तिच्यावर लिहायचं, 'चौतीस वर्षांच्या निष्ठेबद्दल'. साहेबांनी पैसे तिथल्या तिथे भरले. कागदावर त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत लिहून घेतलेली तेवढीच एक ओळ, आणि तीसुद्धा चांदीवर.

अशी बंदूक घडायला दोन वर्षं लागतात. दुसरं वर्ष सरत आलं तेव्हा, फेब्रुवारीत, साहेब गेले. गरम झऱ्यावर उपचार घ्यायला गेले होते, तिथेच पाण्यात बसल्या बसल्या संपले. प्रिमुस ग्राझला जाऊन आला, कबरीवर स्प्रूसची डहाळी ठेवून आला. मार्चअखेर त्याची नोकरी संपली. तीन नळ्यांचं धूड त्याने तेल देऊन खुंटीवर टांगलं. एप्रिलात ओग्रिसने स्वतः येऊन नवी बंदूक पोचवली.

मी गाडीतून पार्सलं तोलायचा काटा आणला. पावणेतीन किलोला वीस ग्रॅम कमी. प्रिमुसने ती खांद्यावर टाकली, स्वयंपाकघरात टेबलाभोवती एक चक्कर मारली आणि आम्हा दोघींकडे बघितलं. त्या माणसाला मी तसा बघताना आधी कधी पाहिलं नव्हतं. मग तो मेणबत्ती घेऊन बसला आणि चांदीच्या पट्टीवर काजळी धरून ती काळी केली, चमकू नये म्हणून.

"साहेबांचा अपमान आहे हा," झेन्झी म्हणाली.

"साहेब गेले. कोल्हे आहेत अजून."

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच फिरतं. राखणदार निवृत्त झाला तरी तो रानात जातच राहतो. पगार थांबतो, फिरणं थांबत नाही. वर्षाला एखादं हरीण, हवे तेवढे कोल्हे, आणि नव्या माणसाला चार वाटा दाखवायच्या. प्रिमुसच्या आधीचा म्हातारा ब्लासियुस एक्याऐंशीव्या वर्षापर्यंत बंदूक घेऊन फिरत होता. एकदा तर मचाणावर घोरताना सापडला. त्याला कुणी परवानगी दिली नव्हती आणि त्याने मागितलीही नव्हती. कायदा तसा सगळ्यांना पाठ. मक्तेदाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या रानात बंदूक घेऊन पाऊल टाकायचं नाही, मग स्वतःच्या परसातल्या सफरचंदाखाली का कोल्हा बसलेला असेना. पण म्हाताऱ्या राखणदाराला हा कायदा लावायचा असतो, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मे महिन्यात गावाने मक्ता फिलाखच्या एका बांधकामवाल्याला दिला. इंजिनियर पिर्कनर. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या कचेरीतून प्रिमुसच्या नावे रजिस्टर पत्र आलं. तेही मीच नेलं.

"बघ, विचारतायत," तो म्हणाला. "मिठाच्या जागा त्यांना एकट्याने सापडायच्या नाहीत. मी म्हणतच होतो."

त्याने सही केली, पाकीट सुरीने नीट कापलं आणि वाचलं. मग परत वाचलं. मग झेन्झीच्या हातात दिलं आणि बाहेर जाऊन लाकडं फोडायला लागला. जूनमध्ये.

पत्र सभ्य होतं. पूर्वीच्या मक्तेदाराने कोणतीही लेखी परवानगी दिल्याचं कागदपत्रांत आढळत नाही. सबब आपल्याला रानात शस्त्रासह प्रवेश नाही. आपल्या सेवेबद्दल आदर आहे. निवृत्तीच्या शुभेच्छा.

तो पिर्कनरला भेटायला फिलाखला गेला, बसने, चर्चचा कोट घालून. भेट झाली एका बाईशी, टेबलामागच्या. तिने त्याला कॉफी दिली आणि एक चकचकीत पुस्तिका दिली. त्यात जनावरांचे दर छापले होते. हवं तर पाहुणा म्हणून या, म्हणाली, स्थानिकांना दहा टक्के सूट आहे. पहिल्याच पानावर मिठाच्या जागेचा फोटो होता. तो ओंडका प्रिमुसने स्वतः कोरून वर वाहून नेलेला. खाली एका नराचा फोटो, त्या नराला हा 'पाद्री' म्हणायचा, कारण मान कधी वाकवायचा नाही. पाद्रीची किंमत सगळ्यांत जास्त लिहिली होती.

"माझ्या पाद्रीला सूट नाही," प्रिमुस म्हणाला आणि पुस्तिका चुलीत घातली.

त्या संध्याकाळी झेन्झी एकदाच बोलली. "साहेब म्हणाले होते, एक गोष्ट माग. तू बंदुकीऐवजी कागद मागायला हवा होतास."

"हो," तो म्हणाला.

पुन्हा तिने तो विषय काढला नाही. पण मी माझ्या मनात हजारदा काढला. मी सव्वीस वर्षं दारोदार सह्या घेत हिंडले. कागदाची किंमत मला माहीत नाही तर कुणाला? त्या जेवणाला मी त्याच्या खुर्चीमागे वाडगं घेऊन उभी होते. वाकून कानात सांगायला एक क्षण लागला असता. मला सुचलं नाही. जो माणूस चौतीस वर्षं त्या रानात चालला, त्याला तिथे चालायला कुणाची तरी मेहरबानी लागते, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. घरातला माणूस घरात शिरायची परवानगी मागतो का? हेच आमचं चुकलं, आणि मला आजही त्याचा संताप येतो.

उन्हाळाभर तो काठी घेऊन फिरला. दर रविवारी बंदूक कपाटातून काढायचा, दोन्ही नळ्यांतून फडकं ओढायचा, तेलाचा एक थेंब, आणि परत आत. न झाडलेल्या बंदुकीत साफ काय करायचं असतं, देव जाणे. ओग्रिसकडे नेम जुळवताना झाडलेल्या गोळ्या, बास. त्यानंतर तिने वास घ्यायचा तो फक्त तेलाचा.

"विकून टाक," मी एकदा चिडून म्हणाले. "दुसऱ्याच्या कामी तरी येईल."

"माझ्या हाताच्या मापाची आहे. दुसऱ्याला बसायची नाही."

"मग गिळ तिला!"

"माझ्या घशाच्या मापाची नाही, नाहीतर प्रयत्न केला असता."

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. सकाळचे साडेनऊ, दरीत धुकं. मी जरा वेगात होते, ते मी पोलिसांनाही सांगितलं आणि इथेही सांगते. प्रिमुसच्या घराखालच्या वळणावर हरणी आडवी आली. दाबलेला ब्रेक आणि तो आवाज, दोन्ही एकदमच झाले.

उतरून बघितलं तर ती रस्त्याच्या कडेला. मागचं धड मोडलेलं, पुढचे दोन पाय गवतात रोवून उठायला बघत होती. उठायची, पडायची, आणि ओरडायची. हरीण ओरडतं हे शहरातल्या लोकांना माहीत नसतं. त्यांचं नशीब थोर. खोऱ्यात मोबाईल लागत नाही, म्हणून मी धावत वर गेले. प्रिमुस दारातच उभा होता. त्याने ऐकलं होतं.

झेन्झीने नव्या राखणदाराला फोन लावला. मार्सेल नावाचा, फिलाखहून येऊन-जाऊन काम करणारा. निरोप ठेवा, असं यंत्र बोललं. मग पोलीस. तिथल्या बाईने सांगितलं, राखणदाराला कळवतो, तोवर जनावराला हात लावू नका.

मी वळून बघितलं तर प्रिमुस बंदूक खांद्यावर टाकून खाली निघाला होता. मला देव भेटल्यासारखं झालं. मी त्याच्यामागे पळाले.

हरणीपासून आठ पावलांवर तो थांबला. बंदूक मधल्या सांध्यावर मोडून उघडली, खिशातून एक काडतूस काढून खालच्या नळीत घातलं, बंदूक मिटली. अंगठ्याने खटका पुढे ढकलला. दस्ता गालाला लावला. मी कानांत बोटं घातली, डोळे गच्च मिटले.

काही वाजलं नाही. डोळे उघडले तर त्याने बंदूक खाली घेतली होती आणि खटका मागे ओढत होता.

"काय झालं? अडकली?"

"नाही. उत्तम आहे." त्याने काडतूस काढून खिशात टाकलं. "मला अधिकार नाही, बुर्गी."

"अधिकार गेला खड्ड्यात! डोळे बघ तिचे!"

"बघतोय. माझ्याइतके कुणी बघितले नसतील."

"मग मार ना! कोण बघतंय? मी काय चुगली करणार आहे?"

"ह्याच गुन्ह्यासाठी मी माणसं धरली आहेत," तो म्हणाला. आवाज चढला नाही त्याचा. "शेतकरी धरले, ट्रकवाले धरले. तुझ्या चुलत्याला धरलं. सगळे हेच म्हणायचे, तिला त्रास होत होता. मी म्हणायचो, मला बोलवायचं होतंस. आणि मला बोलवलं की मी यायचो. पंधरा मिनिटांत यायचो, रात्री-बेरात्री."

मी त्याला शिव्या दिल्या. इथे लिहिता येणार नाहीत अशा. त्याच्या छातीवर मुठी मारल्या. त्या क्षणी मला तो माणूस नकोसा झाला होता, त्याच्या त्या वाकड्या खांद्यासकट. तो हलला नाही. मग बंदूक गवतात ठेवली, गुडघ्यांवर बसला, डोक्यावरची टोपी काढली आणि हरणीच्या डोळ्यांवर धरली. अंधार झाला की जनावर शांत होतं. ती ओरडायची थांबली. नुसता श्वास, आणि श्वासाबरोबर नाकातून रक्ताचे बुडबुडे. प्रिमुस दुसऱ्या हाताने तिची मान धरून बसला. चाळीस मिनिटं. धुक्याने त्याचे उरलेसुरले केस कपाळाला चिकटले होते. नंतर ती गेली. त्याने टोपी काढून घेतली, आतली बाजू गवताला पुसली.

मार्सेल आला अकरा वाजून गेल्यावर. नवी गाडी, नवं जाकीट. चांगला पोरगा आहे तो, उद्धट नाही. आधी हरणीकडे बघितलं, मग बंदुकीकडे.

"अहो लास्निग, एवढं हत्यार हाताशी होतं, मग घालायची होती एक गोळी! कोण काय म्हणणार होतं?"

मी प्रिमुसकडे बघायचं धाडस केलं नाही.

"तुम्ही लिहून दिलं असतंत?" तो म्हणाला.

"लिहून? एवढ्याशा गोष्टीला?" मार्सेल हसला. मागचे पाय धरून त्याने हरणी प्लास्टिकच्या टबात टाकली, हात पुसले, आणि जाता जाता डोळा मिचकावला. "आणि बंदूक रस्त्यावर आणलीत ते मी बघितलंच नाही, बरं का."

"बघितलंत. लिहा."

"काय?"

"मेलेल्या जनावराची नोंद करायची असते. वेळ, जागा, कारण. मीच तो कागद वर्षानुवर्षं भरलाय. खाली शेऱ्याची जागा असते. तिथे लिहा, प्रिमुस लास्निग बंदूक घेऊन हजर होता. नळ्या रिकाम्या."

"अहो, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेता? मी बोलतो ना पिर्कनर साहेबांशी—"

"लिहा म्हणतो ना!"

असं ओरडताना मी त्याला एकदाच ऐकलं. मार्सेलने माझ्याकडे बघितलं. त्याने खांदे उडवले, गाडीच्या टपावर कागद धरून लिहिलं आणि निघून गेला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण कागद एकदा भरला की तो कुणाच्या मनात काय होतं ते विचारत नाही. पिर्कनरच्या कचेरीतल्या कुणीतरी तो वाचला आणि जिल्ह्याला पाठवला.

जानेवारीत जिल्हा कचेरीचं रजिस्टर पत्र आलं. पाकिटावरचा शिक्का बघूनच मला कळलं, आणि खरं सांगते, ते दरीत फेकून द्यावं असं मनात आलं. मी ते नेलं. प्रिमुसने दारात उभ्यानेच सही केली आणि उघडलं. परक्या रानात विनापरवाना सशस्त्र वावर. शिकारीचा परवाना तीन वर्षांसाठी रद्द. बंदूक आठ दिवसांत पोलीस चौकीत जमा करावी. झेन्झी मागे येऊन उभी राहिली होती, तिने पदरासारखा एप्रन तोंडाला लावला आणि आत गेली.

प्रिमुसने पत्र शेवटपर्यंत वाचलं. मग मला दिसावं म्हणून उलटं करून धरलं. नाव, गाव, जन्मतारीख, चौतीस वर्षं राखणदार असल्याचा उल्लेख, सगळं जिथल्या तिथे.

"त्या रानात मी होतो, अशी कागदावर मला आजवर कुणी एक ओळ लिहून दिली नव्हती," तो म्हणाला. "हे बघ, बुर्गी. अख्खं पान."